चॉकलेट, हातोडी आणि सीसीटीव्ही

मंडळी, लढाईवरून परतलेला, आतून मोडलेला सैनिक आणि त्याच्या हातून घडणारी हिंसा हा सिनेमातला जुना मसाला आहे. तो वापरायची एक रीतही ठरून गेली आहे. छतावरचा पंखा फिरतो, त्याच्या आवाजात हेलिकॉप्टर मिसळतं, माणूस घामाघूम होऊन उठतो. मग शेवटच्या अर्ध्या तासात एक लांबलचक फ्लॅशबॅक येतो आणि सगळा उलगडा करून जातो. प्रेक्षक म्हणतो, ‘अच्छा, म्हणून हा असा!’ आणि सुटतो. लिन रॅम्से या स्कॉटिश दिग्दर्शिकेने ‘यू वेअर नेव्हर रिअली हिअर’मध्ये प्रेक्षकाला असं सुटू दिलेलं नाही. ते तिने कसं साधलं, एवढंच आज बघायचं आहे.

चित्रपट २०१७ चा, जेमतेम दीड तासाचा. आधार जोनाथन एम्सच्या एका छोट्या कादंबरीचा. त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात मुख्य भूमिकेतल्या वाकीन फिनिक्सला अभिनयाचं पारितोषिक मिळालं आणि पटकथेचं रॅम्सेला विभागून मिळालं. कथा दोन ओळींत सांगता येते. ‘जो’ नावाचा माजी सैनिक न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्या आईबरोबर राहतो आणि पळवून धंद्याला लावलेल्या मुली पैसे घेऊन सोडवून आणतो. एका सिनेटरच्या मुलीला, नीनाला सोडवताना प्रकरण थेट सत्तेपर्यंत पोचतं. कथानक म्हणाल तर बेतास बात, असं माझं मत आहे. पाहण्यासारखं आहे ते दुसरीकडे.

जोच्या डोक्यात तीन थर आहेत: बापाची मारझोड पाहिलेलं बालपण, वाळवंटातलं सैनिकी आयुष्य आणि नंतरच्या सरकारी नोकरीत उघडलेला मुलींच्या प्रेतांचा ट्रक. युद्धाच्या वाट्याला यातले फार तर काही सेकंद आले आहेत. जो एका मुलाच्या हातात चॉकलेट देतो. दुसरं मूल त्याच चॉकलेटसाठी त्या मुलाला गोळी घालतं. ना तोफा, ना टेकडी, ना शत्रू. तिथे जोने केलेलं एकमेव चांगलं काम म्हणजे ते चॉकलेट, आणि तेच जीवघेणं ठरलं. लहान मुलांना वाचवायच्या मागे हा माणूस का लागला असेल, याचं उत्तर त्यात आहे. पटकथेत मात्र त्यावर एकही संवाद खर्च केलेला नाही.

आठवण येते कशी, तेही नीट पाहा. रस्त्यात काही तरुणी हसत-खिदळत त्याला फोटो काढायला सांगतात. तो कॅमेऱ्यातून बघतो. त्यातल्या एकीच्या चेहऱ्याकडे बघता बघता हसणं रडण्यात बदलतं आणि ट्रकमधले चेहरे समोर येतात. बस, परत रस्ता. डिझॉल्व्ह (एका दृश्यात दुसरं विरघळवणं) नाही, धूसर कडा नाहीत, रंग पिवळट केलेला नाही. संकलक ज्यो बिनीने आजचं दृश्य जसं कापलं तसंच कालचंही कापलं, आणि ते कळीचं आहे. मानसिक आघात झालेल्या माणसाला आठवण ‘येत’ नाही. ती घटना त्याच्यापुरती आत्ता, इथेच घडत असते. फ्लॅशबॅकला वेगळा रंग दिला की ‘हे जुनं आहे’ असं आपण प्रेक्षकाला सांगून टाकतो. जोला ते सांगायला कोणीच नाही.

आघातातून येणाऱ्या या आजाराला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) हे नाव अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात १९८० साली आलं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ त्याच्या चार वर्षं आधीचा, १९७६ चा. तिथे व्हिएतनामचं एकही दृश्य नाही. आहे ते सैनिकी जाकीट आणि उडालेली झोप. झोप येत नाही म्हणूनच त्यातला माजी सैनिक नायक रात्रीची टॅक्सी धरतो. नाव नसताना ते चित्रपटवाले लक्षणांवर विसंबले. नाव मिळाल्यावर बऱ्याच चित्रपटांनी लक्षणं सोडली आणि निदानच संवादात घातलं. रॅम्से पुन्हा लक्षणांकडे वळते: तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून श्वास रोखणं, पुटपुटत आकडे मोजणं, बोटांत हिरवी जेली बीन हळूहळू चिरडणं.

आता हिंसेकडे येऊ. जो हार्डवेअरच्या दुकानातून हातोडी विकत घेतो. बापाच्या हातातही हातोडीच होती. बंदुकीने माणूस लांबून मारता येतो, हातोडीला हातभर अंतरावर जावं लागतं. असं हत्यार हाती दिलं की दिग्दर्शकाला रक्ताचा मोह पडतोच. रॅम्सेने इथे कॅमेराच बदलला. नीनाला ठेवलेल्या घरातली कारवाई आपल्याला त्या घराच्या काळ्या-पांढऱ्या सीसीटीव्हीतून दिसते. हा कॅमेरा उंचावर टांगलेला, आंधळा आणि बेपर्वा. तो जोच्या मागे जात नाही, जोलाच त्याच्या चौकटीतून चालत जावं लागतं. एका चौकटीत तो शिरताना दिसतो, पुढच्या चौकटीत माणूस आधीच जमिनीवर असतो. घाव पडतो तो दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या फटीत.

आवाजाची करामत याहून मोठी आहे. त्या घरात ‘एंजल बेबी’ हे १९६० चं गोड, बाळबोध गाणं वाजतंय. प्रत्येक वेळी कॅमेरा बदलला की गाणंही उडी मारतं, ओळ तुटते, सूर भलतीकडून सुरू होतो. म्हणजे मधला वेळ गहाळ झाला. जोच्या स्मरणशक्तीचं जे झालंय, ते इथे गाण्याचं होतं. पॉल डेव्हिसचं ध्वनिआरेखन आणि जॉनी ग्रीनवुडचं बेसूर तंतुवाद्यांचं संगीत चित्रपटभर हेच करत राहतं.

हा प्रकार करून बघणाऱ्यांची चूक ठरलेली असते. सीसीटीव्हीचं चित्र घेतात, पण कानावर मात्र हाड मोडल्याचा ठसठशीत आवाज घालतात. मग डोळ्यांनी राखलेलं अंतर कान घालवून बसतो. दुसरी चूक प्रकाशाची. उंचावरच्या रुंद चौकटीत दिवे लपवायला जागा नसते, त्यामुळे खोलीतल्याच दिव्यांवर भागवावं लागतं. इथे सुंदर प्रकाशयोजना केली की सीसीटीव्ही खोटा पडतो.

पुढे जोच्या आईचा घरातच खून होतो. तिला मारणाऱ्या दोघांपैकी एक स्वयंपाकघराच्या फरशीवर पोटात गोळी लागून मरत पडलेला असतो. जो त्याला वेदनाशामक गोळी देतो, हवं ते विचारून घेतो आणि त्याच्या शेजारी आडवा होतो. रेडिओवर गाणं लागलेलं असतं, दोघं ते पुटपुटतात आणि मरणारा जोचा हात धरतो. सूडपटात हे दृश्य बसत नाही, सूडाची सगळी हवाच त्याने निघून जाते. नीनाच्या प्रकरणामागे असलेल्या गव्हर्नरच्या घरी तर जो पोचेपर्यंत त्याला मारायचं काम उरकलेलं असतं, तेही नीनाच्या हातून. नायकाला शेवटची हाणामारीसुद्धा नाकारलेली.

मग एका खानावळीत जो आणि नीना समोरासमोर बसतात. नीना उठून जाते. जो स्वतःवर गोळी झाडतो, रक्त उडतं, वेट्रेस बिल ठेवून निघून जाते, कोणी मान वळवून बघत नाही. पुन्हा कट. तो टेबलावर डोकं टेकून बसलेला आहे आणि नीना परत आली आहे. आज हवा छान आहे, असं ती म्हणते. दोघं उठतात. कॅमेरा त्यांच्या मागे जात नाही, रिकाम्या जागेवर थांबून राहतो.