निफाडचा एक गार दिवस

[पहाट. अंधारातली द्राक्षबाग. मांडवाखाली ओळीने पेटलेले ढीग.]

पहाटेचे साडेचार वाजले आहेत आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातले हे घर केव्हाच जागे झाले आहे. बागेच्या कडेने आणि द्राक्षवेलींच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात काडीकचऱ्याचे ढीग पेटवले आहेत. या ढिगांना जाळापेक्षा धूर अधिक हवा असतो, म्हणून ते नीट पेटले की त्यांच्यावर ओला पालापाचोळा टाकला जातो आणि थोड्याच वेळात मांडवाखाली धुराचा एक थर पसरून राहतो. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेले घड आता भरत आले आहेत. या दिवसांत पारा फार खाली गेला, तर मण्यांची फुगवण मंदावते, साखर उतरायला वेळ लागतो आणि तयार होत आलेले मणी तडकतात. वर्षभराची मेहनत एका रात्रीत तडकू नये, म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सगळे जण कानटोप्या बांधून या ढिगांभोवती फिरत आहेत.

बांधाच्या पलीकडे मात्र गव्हाचे शेत आहे आणि तिथे याच गारठ्याचे कौतुक चालते, कारण थंडी जितकी चांगली पडेल तितके गव्हाला फुटवे जास्त येतात. एकाच शेतकऱ्याचे दोन तुकडे, मध्ये हातभर रुंदीचा बांध, आणि आकाशाकडे पाहून करायच्या प्रार्थना मात्र अगदी उलट. अशा वेळी माणसाने नेमके काय मागावे, असे विचारले तेव्हा आजोबांनी धुरातूनच उत्तर दिले, "गव्हापुरती पडू दे, द्राक्षांना कळू देऊ नको."

[पांढऱ्या लाकडी पेटीचे दार उघडते. आत तापमापक.]

हिवाळ्यात 'राज्यात सर्वांत कमी तापमान निफाडला' ही बातमी आपण वारंवार वाचतो. त्यातला आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. हवेचे तापमान मोजणारी उपकरणे जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. तिच्यातून वारा खेळतो, पण ऊन आत येत नाही. रात्रीचे किमान तापमान टिपणारा तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीत पाऱ्याऐवजी अल्कोहोल असते आणि त्या अल्कोहोलात टाचणीएवढी एक बारीक कांडी तरंगते. गारठा वाढेल तसे अल्कोहोल आकसते आणि कांडीला आपल्याबरोबर मागे खेचत नेते. सकाळी ते पुन्हा पसरते, तेव्हा कांडीला जागेवरच ठेवून तिच्या बाजूने पुढे निघून जाते. रात्र सर्वांत गार कोणत्या अंशावर होती, हे ती कांडी सकाळपर्यंत जपून ठेवते. साडेआठ वाजता नोंद झाली, की तापमापक किंचित कलता करून कांडी पुन्हा अल्कोहोलाच्या टोकाशी आणली जाते. उपकरण अगदी साधे आहे, पण रात्रभर जागे राहून एकच गोष्ट लक्षात ठेवण्याचे त्याचे काम पाहिले, की त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागते.

मग एवढी थंडी निफाडलाच का? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे आणि निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर, तरीही कित्येक सकाळी निफाडचा आकडा महाबळेश्वरपेक्षा खाली असतो. याचे उत्तर जमिनीत आहे आणि आभाळातही आहे. हिमालयात बर्फ पडून गेले, की उत्तरेकडचे कोरडे, गार वारे आपल्याकडे येऊ लागतात. आभाळ स्वच्छ असेल आणि वारा पडलेला असेल, तर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ आकाशात सोडून देते. ढग असते, तर त्यांनी ती गोधडीसारखी अडवून धरली असती. जमिनीलगतची हवा अशी गार होत जाते, गार हवा जड असते, आणि पाणी जसे उतार शोधते तशी ती खोलगट भागात उतरून साचते. गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातला हा सखल मुलूख त्या हवेला आयताच सापडतो. महाबळेश्वरातही गावापेक्षा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठते, त्याचे कारण हेच आहे.

गवताच्या पात्यावरचे तापमान पेटीतल्या तापमानाहून काही अंशांनी कमी असते. त्यामुळे नोंदीत चार अंश लिहिले जातात, त्या दिवशी शेतात दवाचे मणी गोठून पांढरे झालेले दिसू शकतात. आकडा खोटा नसतो आणि डोळेही खोटे बोलत नसतात. दोघांची उंची तेवढी वेगळी असते.

[सूर्योदय. विहिरीवर वाफ.]

सूर्य वर आला म्हणजे लगेच ऊब येते, ही आपली समजूत निफाडची सकाळ मोडून काढते. सूर्य उगवल्यावरही काही मिनिटे पारा उतरतच राहतो, कारण कोवळ्या उन्हातून मिळणाऱ्या उबेपेक्षा जमीन गमावत असलेली ऊब अजून जास्त असते. तांबडे फुटल्यावर थंडी अधिक बोचते, अशी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असते, आणि ती अगदी खरी आहे.

याच वेळी विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते आणि कळशीत हात घातला तर पाणी कोमट लागते. खोलवरच्या जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. उन्हाळ्यात जे पाणी गार लागते, तेच पाणी आताच्या हवेत ऊन वाटते. पहाटे ठिबक सुरू करून शेतकरी हेच पाणी वेलींच्या मुळांशी सोडतो. एरवी पाणी पिकाची तहान भागवते, या दिवसांत ते मुळांना शेक देते.

अंगणात तांब्याचा बंब पेटला आहे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, आणि आंघोळीच्या रांगेत शेवटी कोण, यावरून भावंडांची रोजची वादावादी. आजीचे म्हणणे असे, की पहिला तांब्या अंगावर पडेपर्यंतच थंडी असते. धाकट्या नातवाचे म्हणणे असे, की मग पहिला तांब्या आजीने घ्यावा आणि दुसऱ्यापासून आपण सुरुवात करू.

बाहेर ओट्यावर उन्हाचा पहिला पट्टा आला आहे आणि त्यात खोबरेल तेलाची बाटली ठेवली आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे मराठी घरांतला सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू तापमापक म्हणून या बाटलीचेच नाव घ्यावे लागेल. कोकणात तेल गोठले, की 'यंदा थंडी पडली' असे म्हणतात. निफाडला ते गोठण्यात काही बातमी नसते, मोकळे झाले तर बातमी. बाटली उलटी धरावी, तळव्यात घोळवावी, मानेत झाडूची काडी घालून पाहावी, आणि अखेर शाळेची वेळ झाली म्हणून ती उन्हात सोडून केस तसेच विंचरून पळावे, हे आपल्यापैकी कितीतरी जणांचे बालपण आहे. या ओट्यावर पांढऱ्या गोळ्याच्या कडेने आता पारदर्शक तेलाची एक बारीक रेघ सुटली आहे. गोळा आतल्या आत सुटा होतो, थोडा फिरतो, आणि आजी बाटली उचलून केसांपुरते तेल तळव्यावर ओतून घेते.

सकाळच्या शाळेला लवकर निघणारी मुले रोज अजून अंधार आहे म्हणून कुरकुरतात, आणि त्यांचीही बाजू समजून घ्यायला हवी. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा असतो, पण सर्वांत उशिरा उगवणारा सूर्य त्या दिवशी नसतो. आपल्या भागात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो, आणि सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी मागेच सरकत राहतो. म्हणजे दिवस वाढू लागलेला असतो, पण ती वाढ सगळी संध्याकाळच्या वाट्याला जाते. संक्रांतीच्या सुमारास सूर्योदय मागे सरकायचा थांबतो आणि मग सकाळही तिळातिळाने अलीकडे येऊ लागते. याहून नवलाची गोष्ट अशी, की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैतल्यापेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरनी जवळ. आपण कुडकुडतो ते सूर्य लांब गेला म्हणून नव्हे. पृथ्वीचा आस कलता असल्यामुळे आपल्या वाट्याचे ऊन तिरपे आणि थोडा वेळ पडते म्हणून.

[हरभऱ्याचे शेत. झाडांवर अंथरलेले पांढरे फडके.]

हरभऱ्याच्या शेतात काल संध्याकाळी एक स्वच्छ धुतलेले फडके अंथरून ठेवले होते. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आंबट स्राव पाझरतो आणि रात्रीचे दव त्यात मिसळते. सकाळी ते ओले फडके पातेल्यात पिळून घेतात. त्यातून निघते ती हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर आणि अपचनावर ती जुन्या घरांत जपून ठेवलेली असायची. आज फारच थोडी माणसे हे काम करतात. या घरातल्या आजीने फडके आमच्यासमोर पिळले, तेव्हा पिवळसर थेंब सावकाश पातेल्यात पडत होते आणि तिची बोटे गारठून लाल झाली होती. तिने एक थेंब आमच्या तळहातावर दिला. तो लिंबाहून वेगळा, जिभेला किंचित चावणारा आंबट होता. ही चव फक्त थंडीतच तयार होते आणि ती बाजारात विकत मिळत नाही. आमच्या मते या दिवसाचे सर्वांत मोलाचे चित्रण तेच आहे.

[दुपार. नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय.]

दुपारी स्वेटर कमरेला येतात. निफाडची हीच मौज आहे, की सकाळी पाच-सहा अंशांवर असलेला पारा दुपारी पंचविशीच्याही पुढे जातो. याच तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आहे. २०२० साली तो महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. तलवार बदके, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उत्तरेतून हजारो किलोमीटर उडत इथे येतात. ज्या थंडीत आपण गोधडीतून नाक बाहेर काढत नाही, ती थंडी त्यांना सोसेल अशी, उबदार वाटते.

मुंबईकरांना हे ऐकून नवल वाटू नये. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती. आपले हवामान खातेही थंडीची लाट ठरवताना किनाऱ्याला वेगळा न्याय देते: मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले तर विचार सुरू होतो, किनाऱ्यावर १५ अंशांपासूनच, आणि दोन्हीकडे ते नेहमीच्या सरासरीहून किती घसरले हेही पाहिले जाते. तेव्हा १६ अंशांना कानटोपी घालणाऱ्या दादरच्या आजोबांना कोणी हसू नये. ज्याला जेवढी सवय, तेवढी त्याची थंडी.

मराठीने तर या सगळ्यांसाठी शब्द राखून ठेवले आहेत. गारवा सुखावतो, गारठा सोसावा लागतो, कडाक्यात दार लावून बसावे लागते. शिरशिरी अंगावरून जाते, हुडहुडी अंगात भरते. हिवाळ्यातले 'हीव' आपण एरवी विसरलो आहोत, पण हिवतापात ते अजून जिवंत आहे.

[संध्याकाळ. शेताच्या कडेला पेटवलेला पाला.]

सूर्य मावळताच गारवा जमिनीतून वर येऊ लागतो. शेताच्या कडेला वाळलेला पाला पेटवून त्यात हरभऱ्याचे उपटलेले डहाळे टाकले आहेत. घाटे तडतडतात, पाला जळून जातो आणि राखेतून भाजलेले हिरवे दाणे वेचायचे असतात. हा हुळा खाताना बोटे आणि ओठ काळे होतात, आणि कोणी किती खाल्ले हे लपवता येत नाही. धाकट्या नातवाचे तर कानही काळे झाले आहेत. ते कसे झाले, हे त्याला सांगता येत नाही आणि कोणाला विचारावेसेही वाटत नाही.

आजोबा मात्र जाळाकडे पाठ करून आभाळ पाहत आहेत. ढगाचा एक पुंजकाही नाही, वारा पडला आहे आणि चांदण्या अगदी जवळ आल्यासारख्या दिसतात. पाहणाऱ्याला हे आभाळ सुंदर आहे, द्राक्षवाल्याला त्यातून उद्याचा आकडा दिसतो. ते उठतात, बागेच्या कडेला रचून ठेवलेल्या काडीकचऱ्याच्या ढिगांवर प्लास्टिकचा कागद टाकतात, म्हणजे पहाटेच्या दवाने काड्या भिजायच्या नाहीत, आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवतात. मग मुलाला हाक मारून विचारतात, "गजर चारचा लावलास ना?"