किनाऱ्याला नाव कोण देतं?

श्रोतेहो, नमस्कार.

जगाच्या नकाशावरच्या कितीतरी भूशिरांना, उपसागरांना आणि बेटांना आज जी नावं आहेत, ती तिथे राहणाऱ्यांनी दिलेली नाहीत. ती दिली समोरून जहाजाने जाणाऱ्यांनी. दर्यावर्दी किनाऱ्याकडे बघत पुढे सरकायचा, टिपणं करायचा आणि नकाशावर नाव घालायचा. त्यामुळे त्या नावात जागेपेक्षा नाव देणाऱ्यावर त्या दिवशी काय गुदरलं, तेच जास्त सापडतं.

ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा बघा. जून १७७० मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचं 'एन्डेव्हर' जहाज रात्रीच्या वेळी प्रवाळाच्या खडकावर चढलं. भार कमी करायला तोफासुद्धा समुद्रात टाकल्या, तेव्हा कुठे जवळजवळ एका दिवसाने ते सुटलं. आता तिथली नावं वाचा. केप ट्रिब्युलेशन, म्हणजे हालअपेष्टांचं भूशिर, कारण संकटांना तोंड फुटलं ते इथे. होप आयलंड्स, कारण फुटकं जहाज निदान त्या बेटांपर्यंत तरी पोचेल, एवढीच आशा उरली होती. आणि जिच्या मुखाशी जहाज दुरुस्त झालं, ती एन्डेव्हर नदी. तिथले मूळ रहिवासी कुकू यलंजी लोक मात्र त्या भूशिराला कुलकी म्हणत आलेत. ते त्यांचं घर होतं, त्यांच्यासाठी तिथे कुठली आपत्ती सुरू झाली नव्हती.

दक्षिण ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट मला फार चटका लावते. फेब्रुवारी १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स या ब्रिटिश दर्यावर्दीच्या जहाजावरून आठ जण होडीतून गोडं पाणी शोधायला गेले. संध्याकाळी परतताना होडी बुडाली, एकही जण वाचला नाही. फ्लिंडर्सने तिथल्या भूशिराला केप कॅटॅस्ट्रॉफी नाव दिलं आणि आसपासच्या बेटांना त्या बुडालेल्यांची. थिसल, टेलर, हॉपकिन्स... त्यांत साधे खलाशीही होते. दोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी नकाशात ती माणसं एकमेकांजवळच आहेत.

सत्तेवरच्या बड्या लोकांची नावं किनाऱ्याला चिकटवण्याची रीतही तेव्हा जोरात होती. न्यूझीलंडच्या एका उपसागराला कुकने ब्रिटिश नौदलाचे प्रमुख हॉक यांचं नाव दिलं. अशी नावं मला पोकळ वाटतात. मागून येणाऱ्या जहाजाला त्यातून ना इशारा मिळतो, ना खूण.

याउलट आफ्रिकेचं दक्षिण टोक, केप अगुल्हास. अगुल्हास म्हणजे पोर्तुगीजमध्ये सुया. १५०० च्या सुमारास तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे रोखलेली असायची, असं सांगतात. पृथ्वीचं चुंबकत्व सरकत असतं, त्यामुळे आज तिथे सुई पश्चिमेकडे चांगलीच कलते. पण त्या काळच्या समुद्राची ही नोंद नावात शिल्लक आहे.

ऑक्टोबर १७६९ मध्ये न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कुकला हवी तशी रसद मिळाली नाही. तिथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे माओरींशी, चकमकी झाल्या, त्यात काही माओरी मारले गेले. जाताना त्याने त्या जागेला नाव दिलं पॉव्हर्टी बे, दारिद्र्याचा उपसागर! वास्तविक तिथली जमीन सुपीक आहे, फळबागा आहेत, द्राक्षमळे आहेत. माओरींचं नाव तुरंगानुई-अ-किवा, किवा या त्यांच्या पूर्वजाच्या नावावरून आलेलं. २०१९ मध्ये न्यूझीलंडने दोन्ही नावं अधिकृत केली, आणि त्यात माओरी नाव आधी लिहिलं.