खुर्ची उलटी करून पाहावी

मित्रहो, माझ्याशेजारी ठेवलेल्या या वेताच्या बैठकीच्या खुर्चीकडे आपण नंतर वळणारच आहोत. त्याआधी, जुन्या युरोपीय खुर्च्या घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी जी एक सवय लावून घ्यायला सांगतो ती सांगून टाकतो. खुर्ची आवडली की किंमत विचारण्यापूर्वी ती उचलावी, उलटी करून टेबलावर ठेवावी आणि निदान पाच मिनिटे तशीच न्याहाळावी. पाठीवरचे कोरीवकाम, पॉलिशची झळाळी आणि बैठकीवरचे नवे कापड यांवरून विक्रेत्याचा हात फिरलेला असतो. खालच्या बाजूकडे मात्र सहसा कोणी फिरकलेले नसते, आणि म्हणून खुर्चीचे वय तिथेच वाचता येते.

कपाट एकदा भिंतीला टेकवले की दोनशे वर्षे तिथेच उभे राहू शकते. खुर्चीच्या नशिबी ते नाही. ती रोज ओढली जाते, तिच्यावर धपकन बसले जाते, आणि जेवण झाल्यावर मागच्या दोन पायांवर तोल सावरत गप्पा मारणारा पाहुणा तर प्रत्येक देशात असतो. हा सगळा ताण बैठकीच्या चौकटीत घुसवलेल्या कुसवांवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभांवर, येतो. त्यामुळे अठराव्या शतकातली खुर्ची दुरुस्तीशिवाय आपल्यापर्यंत पोहोचणे दुर्मीळ असते. दुरुस्ती हा दोष मानू नये. लपवलेली दुरुस्ती हा मात्र दोष मानावा.

आता उलट्या खुर्चीत काय पाहायचे? लाकूड वाळताना रेषेच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोन शतकांपूर्वी कातलेला गोल पाय आज किंचित लंबगोल झालेला असतो, आणि तो बोटांच्या चिमटीत फिरवून पाहिला तर डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. चौकट आकसल्यामुळे सांध्यातल्या लाकडी खुंट्यांची टोके पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली असतात. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात. त्याऐवजी कमानीसारख्या वर्तुळाकार खुणा दिसल्या तर ते लाकूड गोल पात्याच्या यांत्रिक करवतीवर, म्हणजे साधारणपणे एकोणिसाव्या शतकात किंवा नंतर, कापलेले आहे असे समजावे. पुढच्या आडव्या दांड्यावर टाचा टेकून टेकून झीज झालेली असते. ती जिथे टाचा पोचतात तिथेच हवी. मी अशीही खुर्ची पाहिली आहे जिच्या चारही दांड्यांची झीज अगदी सारखी होती. तिच्यावर बसणारा माणूस चारही दिशांना पाय टाकत असावा!

किडीची भोके पाहून नवखा ग्राहक घाबरतो तरी, किंवा उलट खूश तरी होतो, की चला, वस्तू जुनी आहे. दोन्ही घाईच आहे. लाकडातून बाहेर पडणारा भुंगा पृष्ठभागावर दीड-दोन मिलिमीटरचे गोल भोक पाडतो. त्यातून ताजी पिठी पडत असेल तर कीड जिवंत आहे. पण पृष्ठभागावर भोकाऐवजी पन्हळीसारखा उघडा पडलेला लांब बोगदा दिसला, तर कीड लागून गेल्यानंतर ते लाकूड कोणीतरी पुन्हा कापले किंवा तासले आहे. कारण अळी लाकडाच्या आत पोखरत जाते, वर रस्ता काढत नाही. हे ज्ञान मला स्वस्तात मिळाले नाही. तरुणपणी परदेशातल्या एका आठवडी बाजारात मी ‘चिपेंडेलच्या काळातली’ म्हणून महोगनीची एक खुर्ची घेतली आणि घरी आणून उलटी केली, तेव्हा मागच्या पायाच्या आतल्या बाजूला असे दोन बोगदे माझ्याकडे पाहत होते. थॉमस चिपेंडेल या इंग्लंडमधल्या फर्निचर-कारागिराने आपला नमुनासंग्रह १७५४ साली प्रसिद्ध केला आणि त्यातल्या नमुन्यांवरून तेव्हापासून आजपर्यंत खुर्च्या बनत आल्या आहेत, त्यामुळे ‘चिपेंडेल’ हा शब्द शैली सांगतो, वय सांगत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

जेवणाच्या खुर्च्यांचा संच घेताना आणखी एक काळजी घ्यावी. सहापेक्षा आठ खुर्च्यांच्या संचाला भाव चांगला येतो. म्हणून सहा खऱ्या खुर्च्या खोलून, प्रत्येकीचा एखादा भाग काढून आणि त्या जागी नवा बसवून आठ करण्याची युक्ती जुनी आहे. अशा संचात प्रत्येक खुर्ची थोडी खरी आणि थोडी खोटी असते. यावर एक सोपी तपासणी आहे. उचलून काढता येणारी बैठक असलेल्या जुन्या खुर्च्यांत चौकटीवर आणि बैठकीवर पटाशीने रोमन आकडे कोरलेले असत, म्हणजे तिसऱ्या खुर्चीची बैठक तिसरीतच बसावी. ते आकडे जुळतात का, आणि एकाच हाताने कोरलेले वाटतात का, ते पाहावे.

फ्रान्समध्ये याहून शिस्तीचा कारभार होता. पॅरिसच्या सुतार-संघाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येक उस्तादाला कामावर आपल्या नावाचा शिक्का मारणे बंधनकारक केले होते, आणि १७९१ साली हे संघच बरखास्त होईपर्यंत तो नियम चालला. खुर्च्या बनवणारा आणि व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाचा पातळ थर चिकटवण्याचे, काम करणारा हे तिथे वेगळे कारागीर असत. शिक्का सहसा बैठकीच्या चौकटीखाली सापडतो. मात्र राजाश्रयातल्या कारागिरांना सवलत असल्याने शिक्का नसलेली खुर्ची खोटी ठरत नाही, आणि शिक्का नंतर मारता येत असल्याने तो असलेली खरीही ठरत नाही.

खरे सांगायचे तर अशा दरबारी खुर्च्यांपेक्षा माझे मन इंग्लंडच्या विंडसर खुर्चीत अधिक रमते. तिचा मुख्य उद्योग बकिंगहॅमशरमधल्या हाय विकम या गावाभोवती वाढला. बीच नावाच्या झाडांच्या रानातच पायावर चालणारा साधा लेथ मांडून, ओल्या लाकडाचे पाय आणि दांडे कातणारे लोक वेगळे. एल्म या झाडाच्या जाड फळीला वाकसाने खोलगट करून बैठक घडवणारे वेगळे. बैठकीला एल्म अशासाठी, की त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि कडेला भोके पाडली तरी फळी सहसा फाटत नाही. पाठीच्या कमानीला चिवट, लवचीक लाकूड लागते. तिथे यू या झाडाचे लाकूड वापरलेले असेल तर ती खुर्ची संग्राहकांना अधिक प्रिय असते. इथे मागचे पाय वर जाऊन पाठ होत नाहीत. पाय खालून आणि पाठ वरून, सगळे त्या एका फळीत रोवलेले असते. एका खुर्चीत तीन झाडे आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे काम, हे मला कोणत्याही कोरीवकामापेक्षा सुंदर वाटते.

आणि आता ही खुर्ची. मिखाएल थोनेट हा १७९६ साली ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावी जन्मलेला सुतार. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकवण्याचे प्रयोग त्याने आरंभी केले. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याला ते काम आवडले आणि १८४२ साली थोनेट व्हिएन्नाला गेला. पण सरसाने जोडलेले थर दमट हवेत सुटतात, आणि दूरदेशी माल पाठवायचा तर ते परवडणारे नव्हते. आपल्याकडचा पावसाळा भोगलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. मग त्याने अखंड लाकूडच वाकवायचे ठरवले. वाफवलेला बीच दाबाखाली बराच आकसतो, पण ताणला की लवकर फाटतो. म्हणून त्याने दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट आवळली. वाकवताना ती बाजू ताणलीच जात नाही आणि सगळे लाकूड आतून दाबले जाते. एवढ्या एका पट्टीवर पुढचा सारा उद्योग उभा राहिला. १८५६ साली या पद्धतीचा पेटंट हक्क मिळाला, पुढच्याच वर्षी बीचच्या जंगलाजवळ, मोराव्हियातल्या कोरिचान येथे कारखाना निघाला आणि १८५९ साली चौदा क्रमांकाची ही खुर्ची आली. सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या मावत आणि मुक्कामी पोचल्यावर जोडल्या जात.

१८६९ साली तो हक्क संपल्यावर कोन, फिशेल असे अनेक कारखानदार याच धर्तीच्या खुर्च्या बनवू लागले. त्यामुळे वाकवलेल्या लाकडाची प्रत्येक खुर्ची थोनेट नसते. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचे नाव ठोकलेले किंवा कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. तेथे कोनचे नाव निघाले तरी निराश होऊ नये, त्या खुर्च्या कामाने कमी नाहीत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती आपण ज्यांच्यावर बसून ब्रून-मस्का खाल्ला त्या याच घराण्यातल्या. त्यांतल्या काही मध्य युरोपातून आलेल्या, तर काही नकला.

आपल्या बाजारात फिरताना एक प्रश्न नेहमी विचारावा, की लाकूड कोणते? युरोपातल्या खुर्च्या ओक, अक्रोड, बीच, एल्म किंवा बाहेरून आणलेल्या महोगनीच्या असतात. घाट विलायती पण लाकूड सागवान किंवा शिसवी असेल, तर ती बहुधा इथल्याच सुताराची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी फर्निचरवर भरगच्च नक्षीकाम होत असे, आणि गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज धाटणीच्या स्थानिक खुर्च्या आहेत. त्या हिणकस नाहीत, उलट सागवान-शिसवीला बीचसारखी सहज कीड लागत नाही. फक्त त्या युरोपीय म्हणून विकत घेऊ नयेत. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुरावशेष कायद्याचे निर्बंध आहेत.

घरी आणल्यावर सांधा हलू लागला, तर खिळा किंवा स्क्रू ठोकू नये. त्याने कुसू चिरतो. जुना सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून सांधा खोलून, पुसून, पुन्हा सरसानेच जोडता येतो. आजच्या पांढऱ्या गोंदाने ती सोय राहत नाही. जुने पॉलिश खरवडून काढू नये. ते बहुधा चपड्याचे असते, आणि चपड्याची लाख तर आपल्याच देशातून तिकडे जात असे. गरम कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते, एवढे सांभाळावे. बैठक जमिनीपासून साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरवर असावी. झिजलेले किंवा कापलेले पाय असले की जेवणाचे टेबल हनुवटीशी येते. वेत सैल पडला असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर वाळू द्यावा, तो ताणला जातो. वेताच्या खुर्चीवर उभे राहून पंखा पुसू नये, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

आता मी ही खुर्ची उलटी करतो. कड्याच्या आत ठोकलेली अक्षरे अर्धी पुसली गेली आहेत, तेव्हा तिरप्या उजेडात पाहावी लागतील. एकेकाने पुढे यावे.