झेंडा दिला, गाणं म्हटलं, आणि भांडल्याही

नमस्कार मंडळी. घटनासमितीतल्या स्त्रियांचा विषय निघाला की दोन प्रसंग हमखास सांगितले जातात. दोन्ही १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे. सुचेता कृपलानींनी ‘वंदे मातरम्’ म्हणून बैठकीची सुरुवात केली आणि हंसा मेहतांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज राजेंद्रप्रसादांच्या हाती दिला. दोन्ही प्रसंग खरे आहेत, सुंदर आहेत. पण गाणं म्हणणं आणि ओवाळणं ही कामं आपण बायकांना घरच्या कार्यातही देतोच की! त्या सभागृहात बायका भांडायला बसल्या होत्या, आणि तेच आपण विसरलो.

किती जणी? पंधरा. मूळ सभासदसंख्या ३८९, फाळणीनंतर २९९. सात जणांच्या मसुदा समितीत एकही स्त्री नव्हती. घटना लिहिली कोणी, या प्रश्नाचं उत्तर आपण त्या सातांपाशी संपवतो, त्यामुळे या साऱ्याजणी आपोआप गळतात. पण कितीतरी तरतुदी मसुदा समितीकडे येण्याआधी उपसमित्यांमध्ये घडल्या होत्या. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता होत्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९४७ चा मार्च-एप्रिल. धर्मस्वातंत्र्याच्या कलमात धर्म मानण्याबरोबर धर्माचं आचरण करण्याचाही हक्क घालायचं घाटत होतं. वाचायला किती निरुपद्रवी वाटतं! अमृत कौर यांनी मात्र हरकत घेतली. धर्माचरण म्हणजे नेमकं काय? पडदा धर्माच्या नावाने चालतो, देवदासीची चालही धर्माच्याच नावाने चालते. आचरण सरसकट मूलभूत हक्क झालं, तर उद्या कुणी कोर्टात जाईल आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, १९२९ चा बालविवाह रोखणारा सारडा कायदा, दोन्ही धोक्यात येतील. शंभर वर्षांच्या सुधारणेवर पाणी पडेल, तेही स्वातंत्र्याच्या नावाखाली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यरांसारख्या कायदेपंडितालाही हे पटलं. आज अनुच्छेद २५ मध्ये सामाजिक कल्याण आणि सुधारणेसाठी कायदा करायची जी मुभा राज्याला आहे, तिच्यामागे ही हरकत आहे. कलम आपण रोज वापरतो, हरकत कुणाची होती ते सांगत नाही.

त्याच उपसमितीत समान नागरी कायद्याला मूलभूत हक्कांत जागा मिळाली नाही, तेव्हा भिन्नमतपत्रिकेवर मिनू मसानी या सभासदाबरोबर अमृत कौर आणि हंसा मेहता या दोघींनीही सह्या केल्या. पुढे तो विषय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टातून बजावून घेता न येणाऱ्या भागात गेला. हल्ली त्यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तोंडी या सह्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

आता या पंधराजणी एकमताच्या होत्या असं समजू नका. दाक्षायणी वेलायुधन घ्या. कोचीनच्या, पुलय समाजातल्या, सभागृहातली एकमेव दलित स्त्री, निवड झाली तेव्हा वय चौतीस. दलितांसाठी विभक्त मतदारसंघ, म्हणजे दलितांचे प्रतिनिधी फक्त दलितांनीच निवडायचे ही पद्धत, नकोत, हे त्यांनी ठासून सांगितलं. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मसुद्यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा सत्ता केंद्राच्या हाती फार एकवटते आहे, राज्यपाल केंद्राने नेमायचा ही तर ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याचीच री ओढणं आहे, असं त्या बोलल्या. समोर डॉ. आंबेडकर बसलेले असताना! अम्मू स्वामीनाथन यांची तक्रार आणखी निराळी. घटना पर्समध्ये किंवा खिशात मावेल एवढी छोटी असावी, अशी त्यांची कल्पना होती; हा ग्रंथ त्यांना अवजड वाटला. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण ते असो.

स्त्रियांसाठीच्या राखीव जागांबद्दल मात्र बऱ्याचजणींचा सूर एक होता : नकोत. हंसा मेहतांनी डिसेंबर १९४६ मध्येच सांगितलं होतं की आम्ही सवलती मागितल्या नाहीत, न्याय मागितला. रेणुका राय यांनी जुलै १९४७ मध्ये तेच मांडलं. ब्रिटिशांनी दिलेल्या वेगळ्या जागांचा अनुभव ताजा होता, ती भूमिका समजण्यासारखी आहे. तरीही माझ्या मते इथे त्यांचा अंदाज चुकला. पुरुष सहकाऱ्यांवर त्यांनी जरा जास्तच भरवसा टाकला. लीला रॉय राजीनामा देऊन गेल्या, विजयालक्ष्मी पंडित राजदूत म्हणून मॉस्कोला गेल्या, सरोजिनी नायडू मार्च १९४९ मध्ये वारल्या. ऑक्टोबरमध्ये पूर्णिमा बॅनर्जी सभागृहाला विनवत होत्या की स्त्रियांच्या रिकाम्या झालेल्या जागी स्त्रियाच घ्या. हे आरक्षण नव्हे, असं बजावूनच. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती व्हायला २०२३ उजाडलं.

घटनेने मताचा हक्क मात्र बिनशर्त दिला, आणि त्याची किंमत कळायला जुना कायदा आठवावा लागतो. १९३५ च्या कायद्याने मताला मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट होती. बाईला नवऱ्याच्या मालमत्तेवरही मत मिळे. अखिल भारतीय महिला परिषदेने त्या पत्नीपणाच्या अटीला विरोध केला होता. आम्ही नागरिक म्हणून मत मागतो, कुणाची बायको म्हणून नाही, हा मुद्दा.

मग पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या. यादी करणारा दारात उभा, आणि आतून उत्तर येतं : लिहा, अमक्याची आई. लिहा, तमक्याची बायको. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखजणींची खरी नावं मिळालीच नाहीत, आणि त्यांना यादीतून वगळलं गेलं. मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारत, विंध्य प्रदेश या तेव्हाच्या राज्यांतल्या. सेन कठोर वागले, पण बरोबर वागले असं मी म्हणेन. ‘तमक्याची बायको’ ही १९३५ साली मताची पात्रता होती. १९५१ साली त्याच नोंदीपायी मत गेलं.