मालकाचं नाव आणि रॉकेटवरचे झेंडे

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या गच्चीवरची डिश कुठे तोंड करून बसली आहे आणि जोराचा पाऊस आला की चित्र का जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. आज बोलायचंय ते त्या डिशच्या वरच्या टोकाबद्दल. वर जो उपग्रह आहे तो कुणाचा, त्याचं भाडं कोण घेतं, आणि मालक सरकार असलं की धंद्यात काय काय घडतं.

आपल्याकडे या धंद्यातली सरकारी कंपनी म्हणजे न्यूस्पेस इंडिया लिमिटेड, थोडक्यात एनएसआयएल. ६ मार्च २०१९ रोजी बंगळुरूमध्ये स्थापन झाली. अंतराळ विभागाच्या अखत्यारीतली, पूर्णपणे भारत सरकारच्या मालकीची. शेअर बाजारात तिचा शेअर शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: इस्रो म्हणजे ही कंपनी नव्हे. इस्रो संशोधन करते, रॉकेट आणि उपग्रह घडवते. एनएसआयएल गिऱ्हाईक शोधते, करार करते, भाडं वसूल करते आणि वर्षाअखेर ताळेबंद मांडते. तो ताळेबंद कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा. उड्डाणाचा फोटो पहिल्या पानावर आणि कंपनीचे हिशेब कुठल्याच पानावर नाहीत, ही आपल्या वर्तमानपत्रांची जुनी खोड आहे.

तिच्याआधी १९९२ पासून हेच काम अँट्रिक्स ही सरकारी कंपनी करत होती. तिच्याकडे मी शेवटी येतो.

पूर्वी रीत अशी, की सरकार आपल्या पैशाने उपग्रह सोडणार आणि मग त्यावरचे ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश झेलून परत खाली पाठवणारी यंत्रं, भाड्याने जाणार. आधी चाळ बांधायची आणि मग भाडेकरू शोधत फिरायचं. आता भाडेकरू आधी, चाळ नंतर. जून २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने आकाशात फिरत असलेले १० दळणवळण उपग्रह सरकारकडून या कंपनीच्या नावे केले, आणि तिचं अधिकृत भागभांडवल १,००० कोटींवरून ७,५०० कोटी रुपयांवर नेलं. त्याच महिन्यात जीसॅट-२४ हा उपग्रह वर गेला. त्याची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेने आधीच घेऊन ठेवली होती. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये जीसॅट-एन२ गेला, वजन ४,७०० किलो. एवढं ओझं अशा उपग्रहांच्या उंच कक्षेकडे नेणं आपल्या रॉकेटच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तो अमेरिकेतून स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वर गेला. भारत सरकारच्या कंपनीने परदेशी खाजगी कंपनीचं रॉकेट भाड्याने घेतलं. काहींना हे खटकलं, मला नाही खटकलं. धंदा म्हटला की वाहतूक जिथे मिळेल तिथून घ्यायची.

आता तो किस्सा. खरं सांगायचं तर याच्यासाठीच मी हा विषय मागून घेतला.

वनवेब नावाची लंडनची कंपनी. पृथ्वीजवळच्या कक्षेत सहाशेहून अधिक छोटे उपग्रह फिरवायचे आणि जगभर इंटरनेट द्यायचं, हा तिचा बेत. मार्च २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिला दोघांनी वाचवलं: ब्रिटिश सरकारने आणि आपल्या भारती या एअरटेलवाल्या उद्योगसमूहाने. प्रत्येकी ५० कोटी डॉलर. म्हणजे ब्रिटिश सरकार या कंपनीचं भागधारक झालं. ब्रिटिश सरकार भागधारक, एवढं ध्यानात असू द्या.

उपग्रह जायचे रशियाच्या सोयूझ रॉकेटने. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ४२८ वर पोचले. पुढचे ३६ कझाकस्तानातल्या बैकानूर तळावर, उड्डाण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आणि २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

सोयूझच्या वरच्या टोपणावर वनवेबशी संबंध असलेल्या देशांचे झेंडे रंगवलेले होते. रशियन अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख दिमित्री रोगोझिन यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. उंचावर उभे राहून कामगार त्या झेंड्यांवर पांढरं आवरण चिकटवतायत. अमेरिकेचा झेंडा झाकला. जपानचा झाकला. ब्रिटनचा झाकला. सोबत रोगोझिन यांचा शेरा, की काही देशांच्या झेंड्यांवाचून आमचं रॉकेट जास्त सुंदर दिसेल. आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या शेजारी तिरंगा मात्र जसाच्या तसा!

पण झेंडे झाकून भागलं नाही. रशियाने दोन अटी घातल्या. एक, हे उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्या. दोन, ब्रिटिश सरकारने वनवेबमधला आपला हिस्सा विकून बाहेर पडावं. ऐकताय ना? अडचण उपग्रहाची नव्हती, रॉकेटचीही नव्हती. अडचण भागधारकांच्या यादीतल्या एका नावाची होती. ब्रिटनने हिस्सा विकायला साफ नकार दिला. वनवेबच्या संचालकांनी बैकानूरची सगळी उड्डाणं थांबवली. तळावर उभं केलेलं रॉकेट खाली उतरवलं, आणि ३६ उपग्रह तिथेच अडकले.

मग वनवेबची दारोदार भटकंती. आधी स्पेसएक्सचं दार वाजवलं. म्हणजे इंटरनेटच्या धंद्यात जो थेट प्रतिस्पर्धी, त्याच्याच गाडीत बसायचं! आणि एप्रिल २०२२ मध्ये करार केला एनएसआयएलशी. आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३, पण तोवर त्याने एकही व्यावसायिक फेरी केलेली नव्हती.

२३ ऑक्टोबर २०२२. धनत्रयोदशीची रात्र, बारा वाजून सात मिनिटं. श्रीहरिकोट्याहून ३६ उपग्रह घेऊन एलव्हीएम-३ निघालं. हे उपग्रह एकदम सोडून चालत नाही, एकमेकांवर आपटतील. म्हणून चार-चारच्या तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीनंतर रॉकेटच्या वरच्या टप्प्याने किंचित वळून जागा बदलायची. असं नऊ वेळा. पहिले १६ सुटल्याचं कळलं, आणि मग रॉकेट आपल्या नजरेच्या पट्ट्याबाहेर. बाकीच्या २० उपग्रहांची खबर येईपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नाही. दूरचित्रवाणीवर मात्र तेवढा वेळही शांतता सोसवत नाही, निवेदक बोलतच राहतात. क्रिकेटमध्येही तेच, चेंडू सीमापार जातोय हे दिसत असताना तो सीमापार जातोय हे ओरडून सांगायचं. आम्हा रेडिओवाल्यांना दिसत नाही म्हणून बोलावं लागतं, त्यांना कसली घाई? असो. खबर आली, सगळे ३६ जागेवर होते. मार्च २०२३ मध्ये आणखी ३६ गेले. दोन फेऱ्यांचा मिळून हजार कोटी रुपयांहून अधिक धंदा झाला.

एका सरकारचं नाव मालकांच्या यादीत होतं म्हणून वनवेबचं काम रशियात अडलं. तेच काम दुसऱ्या सरकारच्या मालकीच्या कंपनीने पुरं केलं.

आता सरकारी मालकीची दुसरी बाजू, आणि इथे अँट्रिक्स येते. २८ जानेवारी २००५ रोजी अँट्रिक्सने देवास मल्टिमीडिया या बंगळुरूच्या कंपनीशी करार केला. जीसॅट-६ आणि जीसॅट-६ए या दोन उपग्रहांवरचे एस-बँड या लहरींच्या पट्ट्यातले ट्रान्सपाँडर बारा वर्षं भाड्याने. फेब्रुवारी २०११ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तो रद्द केला. या लहरी सैन्याला आणि इतर सरकारी गरजांना हव्यात, असं कारण दिलं. करार करणारी कंपनी सरकारची, आणि तो मोडणारंही सरकारच. खाजगी घरमालकाला असं म्हणता आलं असतं का?

देवास आंतरराष्ट्रीय लवादात गेली. २०१५ मध्ये अँट्रिक्सवर ५६ कोटी २५ लाख डॉलर आणि वर व्याज भरण्याचा आदेश निघाला. इकडे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवासच्या कारभारात फसवणूक असल्याचं मान्य करून ती कंपनी गुंडाळण्याचा निर्णय कायम केला. दिल्ली उच्च न्यायालयाने लवादाचा निवाडाही रद्द ठरवला. पण परदेशातले गुंतवणूकदार गप्प बसले नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने दिलेल्या अधिकारक्षेत्राच्या कारणावरून तिथला दावा फेटाळता येणार नाही असं सांगून प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयात पाठवलं.

आणि ते दोन उपग्रह? जीसॅट-६ २०१५ च्या ऑगस्टमध्ये गेला. जीसॅट-६ए गेला मार्च २०१८ च्या अखेरीस, आणि दोन-तीन दिवसांतच त्याच्याशी संपर्क तुटला. ज्यांच्या भाड्यावरून देशोदेशी कज्जे चालले, त्यातल्या एका उपग्रहाचं भाडं पुढे कुणालाच घेता आलं नाही.

नमस्कार.