कुंडलीतलं गणित आणि कुंडलीतलं फळ

कुंडली मांडताना जे गणित करतात ना, ते खरंच पक्कं असतं. जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता, पूर्वेला कुठली रास उगवत होती, हे सगळं काढता येतं, आता तर मोबाईलवर लगेच येतं. ग्रहणाची वेळ ज्या गणिताने निघते तेच हे. आणि इथंच आपली गल्लत होते, गणित बरोबर म्हणजे त्याच्यासोबत येणारं भविष्यपण बरोबर असं वाटायला लागतं. शनी सप्तमात, म्हणजे कुंडलीतल्या सातव्या घरात आहे, हे मोजलेलं असतं. पण त्यामुळे लग्नाला उशीर होणार, हे कोणी मोजलं?

मोजायचं कसं ते २००८ साली जयंत नारळीकरांनी दाखवलं, नरेंद्र दाभोलकर आणि इतर काही जण सोबत होते. २०० मुलांच्या कुंडल्या तयार केल्या, १०० मुलं अभ्यासात हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या शाळेतली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० कुंडल्या दिल्या आणि एवढंच विचारलं की मूल कुठल्या गटातलं ते सांगा. नुसतं नाणं उडवून सांगितलं तरी साधारण २० बरोबर येणारच, म्हणून निदान २८ तरी यायला हवे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त आले २४, आणि सरासरी ४६ टक्के.

आता काही जण म्हणतील जन्मवेळच चुकीची असेल. असेलही, पण भाकीत चुकलं की दरवेळी जन्मवेळ, नाहीतर उपाय नीट केला नाही, असंच उत्तर मिळणार असेल तर आपण चुकलो हे कळणार तरी कधी? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

राशी मोजायच्या दोन पद्धती आहेत, सायन (ऋतूंच्या आधाराने) आणि निरयन (ताऱ्यांच्या आधाराने), त्यांचंच बघा. दोन्हीत आज जवळपास २४ अंशांचा फरक आहे, त्यामुळे ५ ऑगस्टला जन्मलेल्याचा सूर्य सायन पद्धतीने सिंहेत आणि निरयन पद्धतीने कर्केत येतो. एकच माणूस, एकच सूर्य, आणि दोन राशी, ज्यांचे स्वभाव वेगवेगळे सांगतात. दोन्हीकडचे लोक म्हणतात, अगदी अचूक सांगितलं हो! भाकितं पडताळून बघायची पद्धत असती तर यातली एक कधीच मागे पडली असती, पण इतकी शतकं दोन्ही चालूच आहेत.