चोर्ला उतरण्याआधी: एका एमजीबीचे ब्रेक

(दृश्य: फोंड्याजवळचं गॅरेज. चाकं काढून स्टँडवर चढवलेली दोन सीटची लाल गाडी.)

ही एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 साली हे मॉडेल सुरू झालं, 1980 साली बंद झालं, आणि तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. गोव्यात जुनी विलायती गाडी दिसली की 'पोर्तुगिजांच्या वेळची' म्हणून सांगायची हौस असते. ही तशी असणं शक्य नाही. पोर्तुगीज डिसेंबर 1961 मध्ये गेले, गाडी त्यानंतरची.

मालकांना पावसाळा सरला की बेळगावला जायचंय, आणि येताना चोर्ला घाट उतरायचाय. म्हणून ब्रेक वाढवून हवेत. मोबाईलमध्ये मोठ्या डिस्कचे (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), चार पिस्टनच्या कॅलिपरचे (पॅडनी ती तबकडी चिमटीत धरणारा भाग) फोटो जमवून ठेवलेत.

"मेस्त्री, हे बसेल?"

"बसेल बाब. पण आधी आहे ते बघूया."

आहे ते मुळात कमी नव्हतं. पुढे पावणेअकरा इंचांची डिस्क, मागे दहा इंचांचे ड्रम, आणि गाडीचं वजन एक टनाच्या आत. जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती 1953 साली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सामान्य ऐपतीच्या स्पोर्ट्स कारला पुढे डिस्क मिळाली. तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांना चारही बाजूंना ड्रमच होते.

मग पेडल निम्म्याहून खाली का जातं? गाडी डावीकडे का ओढते?

(दृश्य: कॅलिपरमधून पिस्टन निघतो. क्रोमवर गंजाचे खड्डे. जवळून.)

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उरलेले महिने खारा वारा आणि लाल धूळ. त्यात अशी गाडी चालते कमी, उभी जास्त. पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडतात आणि पिस्टन अडकून बसतो. एका बाजूचा पिस्टन अडकला की गाडी दुसऱ्या बाजूला ओढणारच. इथे उजवीकडचा अडकलाय. नवे पिस्टन स्टेनलेस स्टीलचे घेतलेत. दिसायला फरक शून्य, पण किनारपट्टीवर राहणाऱ्या गाडीसाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची सुधारणा.

ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणाऱ्या रबरी होजची गोष्ट अधिक फसवी. बाहेरून होज ठीक दिसतो, आतून फुगून वाट अरुंद झालेली असते. पाय दाबला की तेल जोराने पुढे जातं, पाय उचलला की परत येत नाही. चाक धरून राहतं, तापतं, आणि दोष कॅलिपरवर जातो. या गाडीला असे तीनच होज आहेत. पुढच्या चाकांना एकेक, आणि मागच्या ॲक्सलसाठी एक. तिन्ही बदलायचे, चर्चा नाही. लोखंडी पाईपही गेले. त्यांच्या जागी तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचे आले. ते गंजत नाहीत आणि हाताने वाकतात.

पेडल खाली जाण्याचं कारण तर फुकटात सुटलं. मागचे ड्रम आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. ड्रममागच्या पत्र्यावर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक जाम होईपर्यंत आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतपत सोडायचा. ड्रमला आतून घासणारे लायनर झिजत गेले आणि हे काम कुणी केलं नाही, म्हणून पेडल बुटाच्या टाचेपर्यंत पोचलं. एक सांगायला हवं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

(दृश्य: बाटलीत काढलेलं जुनं ब्रेक ऑइल, काळपट. शेजारी नव्याची बाटली.)

आता घाटाचा हिशेब. गाडी आणि दोन माणसं मिळून 1,100 किलो धरू. ताशी 80 किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना सुमारे 270 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. हीच गाडी 500 मीटर उंचीचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर हवेचा आणि इंजिनाचा अडसर सोडून आकडा जातो 5,400 च्या घरात. म्हणजे तसे वीस थांबे एकामागोमाग, तेही कमी वेगात, जेव्हा डिस्कला वारा पुरेसा लागत नाही.

ही उष्णता पॅडमधून तेलात उतरते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, बंद टाकीतही. ताजं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हमी उरते 155 अंशांची. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट खाली जातो. मोठी डिस्क लावूनही जुनं तेल तसंच ठेवलं तर घाटात हेच होणार. म्हणून दरवर्षी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायच्या आधी तेल बदलून घ्यावं. पाऊस संपलेला असतो, फिरण्याचे दिवस सुरू व्हायचे असतात.

सिलिकॉनचं डॉट 5 पाणी शोषत नाही, रंगही खराब करत नाही, म्हणून हौशी लोक ते सुचवतात. पण आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही. ते तळाला, नेमकं कॅलिपरपाशी साचतं. तिथेच गंज धरतो, आणि शंभर अंशांना ते उकळतं. घाट उतरणाऱ्या गाडीत मी ते घालणार नाही.

आणि मोठे कॅलिपर? मेस्त्रींनी ते नाकारले, आणि मला पटलं. पुढचा ब्रेक आत्ताच चाक जाम करू शकतो. त्यापलीकडे टायर ऐकत नाही. सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र, लावला तर पायाला कष्ट कमी पडतात, थांबण्याचं अंतर त्याने घटत नाही. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरतच नाहीत. म्हापशाच्या बाजारात, शुक्रवारच्या गर्दीत, ते काय कामाचे?

एक खरी वाढ मात्र केली. या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाचं एकच सर्किट होतं. एक होज फुटला की सगळे ब्रेक गेले. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना 1968 च्या मॉडेलपासून दोन सर्किटं आली. तशा प्रकारचा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) इथे बसवलाय. पेडलचा डबा बदलावा लागला, पाईपांची वाट नव्याने आखावी लागली. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा गेला तो इथे.

(दृश्य: हेल्पर सीटवर, मेस्त्री मागच्या डाव्या चाकापाशी.)

"मार रे... मार... धर."

"सोडू?"

"थांब, अजून फेस येतोय."

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाची एअर आधी काढायची, जवळच्याची शेवटी. बाटलीतले बुडबुडे थांबले. पेडल आता वरच्या वर, विटेसारखं घट्ट.

(दृश्य: फर्मागुडीचा उतार, मग चोर्ला घाट. गाडी केरीच्या दिशेने उतरते.)

आधी फर्मागुडीला नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घेतले. ताशी पन्नासवरून पंधरावर, मध्ये थंड होऊ देत, आणि डिस्क गरम असताना पाय दाबून न थांबता. घाटात मालकांनी उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकला. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पाडणारी रचना) नाही, त्यामुळे भर उतारावर तो शोधत बसणं परवडत नाही. वळणाआधी एकदा ठाम ब्रेक, मग पाय बाजूला. सतत पाय टेकवून ठेवायचा नाही. केरीला पोचल्यावर डिस्कजवळ हात नेला तर झळ लागली, पण पेडल जिथे होतं तिथेच होतं.

हँडब्रेकचं काम बाकी आहे. त्याची केबल मागच्या ड्रमपर्यंत जाते, आणि ती आतून गंजलीय. नवी विलायतेहून यायचीय. तोवर मालक पणजीत आल्तिनोच्या चढावर गाडी लावताना पहिला गिअर टाकून ठेवतात आणि मागच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावतात. तुकडा डिकीतच असतो.